दरडीचा धसका: पाऊस लागला की रात्री दचकून उठतात, अशा वेळी नेमकं काय करायचं?

गटप्रवर्तक_रायगड

नमस्कार मंडळी. रायगडच्या डोंगरपट्ट्यात आशाताईंसोबत काम आहे. दरडीतून वाचलेली आणि आता दुसऱ्या जागी वसवलेली काही कुटुंबं आमच्या यादीत आहेत. घरं मिळाली, कागदपत्रं झाली, पण जून लागला की तेच सुरू होतं. पत्र्यावर सर वाजली की झोप उडते. रात्री तीनच्या सुमाराला किंचाळून उठतात, अंग घामाने भिजलेलं, छातीत धडधड. मग उरलेली रात्र दारात बसून डोंगरावर बॅटरी मारत काढायची. दिवसा पोकलेनचा आवाज आला तरी हातपाय गार पडतात. काहीजण स्वप्नाच्या भीतीने मुद्दाम जागतात, काहीजण क्वार्टर मारून झोपतात, आणि काहींनी मेडिकलमधून झोपेची गोळी चालू केली आहे. घरचे म्हणतात, धसका घेतलाय, जाईल हळूहळू. दोन-तीन पावसाळे गेले तरी गेलेला नाही.

मला नेमकं हे हवंय: रात्री माणूस असा उठला की त्या पाच-दहा मिनिटांत घरच्यांनी काय करायचं? स्वप्नं कमी व्हावीत म्हणून दिवसा काही करता येतं का? गोळ्यांचं काय? आणि कोणाला पुढे पाठवायचं, कोणाला नाही, हे आशाताईने ओळखायचं कसं? "सकारात्मक विचार करा" सोडून काहीही चालेल.

रातपाळी

मनोरुग्ण शुश्रूषेतली आहे, म्हणून रात्रीचं सांगते.

पहिली गोष्ट, हलवून उठवायचं नाही. स्वप्नात तो माणूस अजून मातीखालीच असतो. खांद्याला हात लागला तर तो झटकतो, ढकलतो, कधी मारतोही, आणि मग त्याची लाज त्यालाच दिवसभर पुरते. पायाकडच्या बाजूला, हाताच्या अंतरापलीकडे उभं राहायचं. आधी दिवा लावायचा, मग नावाने हाक मारायची, चढ्या आवाजात नाही. "अमुक, मी तुझी बहीण. तू नव्या घरात आहेस. आज मंगळवार. पाऊस पडतोय, पण आपण डोंगराखाली नाही." नाव, नातं, जागा, वार. ही चारच वाक्यं, गरज पडेल तितक्या वेळा, शब्द न बदलता.

डोळे उघडले की लगेच "काय दिसलं?" हे विचारू नका. रात्री स्वप्न सांगायला लावलं की ते पुन्हा ताजं होतं आणि झोप गेलीच म्हणून समजा. ते काम दिवसाचं.

मग पाय. दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून बसवायचं आणि टाचा फरशीवर दाबायला सांगायचं, दहा आकडे होईपर्यंत. गार पाण्याने तोंड आणि मनगटं धुवायची. मग खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने म्हणायची, चार गोष्टींना हात लावायचा, तीन आवाज ओळखायचे. दरडीतल्या माणसांबाबत एक विशेष जपा: ओल्या मातीचा वास त्यांना थेट त्या रात्रीत नेतो. म्हणून उशाशी मातीपासून अगदी वेगळा असा एक वास ठेवा. ओव्याची पुरचुंडी फडक्यात बांधून ठेवली तरी पुरते. जाग आली की चोळायची आणि हुंगायची. महाग काही लागत नाही.

श्वासाचा व्यायाम सगळेच सांगतात: चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, पाच मिनिटं. चांगला आहे, पण दोन ठिकाणी बिघडतो. लोक "मोठा श्वास घ्या" असं ऐकतात आणि भराभर खोल श्वास घेऊ लागतात. त्याने बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, घाबरं वाढतं. भर बाहेर सोडण्यावर द्यायचा, गरम चहावर फुंकर घालतो तितका हळू. दुसरं, जो माणूस ढिगाऱ्यात दबला होता त्याला डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगणं हेच भीतीचं कारण होऊ शकतं, कारण तिथे त्याला श्वासच मिळत नव्हता. अशांना श्वास नको. डोळे उघडे आणि टाचा जमिनीवर, एवढंच. श्वास रोखून धरायला लावणारा कोणताही प्रकार त्यांना देऊ नका.

वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणावर तळमळत पडू नये. उठून बसावं, हाताला काहीतरी काम द्यावं, भाजी निवडावी, जाळं विणावं. डोळे जड झाले की परत आडवं व्हावं. सकाळी उठण्याची वेळ मात्र रोज एकच, रात्र कशीही गेली तरी. दुपारी फार तर अर्धा तास झोप.

आणि हे कृपया प्रत्येक घरी बघा: वाईट स्वप्न पडू नये म्हणून उशाला लोखंड ठेवतात, कोयता किंवा सुरी. अर्धवट जागा झालेला, समोरचा कोण हे न ओळखणारा माणूस आणि हाताशी कोयता. श्रद्धा मोडायला सांगू नका, बंद अडकित्ता ठेवा म्हणावं. तोही लोखंडाचाच.

स्वप्नवही

चिकित्सा मानसशास्त्रात काम आहे. रातपाळी यांनी लिहिलेलं सगळं पक्कं आहे. मी दिवसाचं लिहितो, कारण स्वप्नं कमी होतात ती दिवसा केलेल्या कामाने.

आधी हे समजून घ्या की नेहमीचं वाईट स्वप्न आणि हे एक नाही. मेंदू आठवण मिटवत नाही, तिला "ते होऊन गेलं" असा शिक्का मारतो. ज्या आठवणीवर तो शिक्का बसत नाही ती परत परत आत्ता घडत असल्यासारखी येते. बहुतेक वाईट स्वप्नं पहाटेकडच्या झोपेत पडतात, कारण स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. आघातानंतरची स्वप्नं मात्र त्याआधीही पडू शकतात. झोपल्यावर तासा-दीड तासातच कोणी ओरडत उठत असेल, नजर शून्य असेल आणि सकाळी काहीच आठवत नसेल, तर तो वेगळा प्रकार असू शकतो, विशेषतः मुलांमध्ये. त्याला पुढची पद्धत लागू नाही.

पद्धतीचं नाव प्रतिमा-सराव उपचार. अमेरिकेत बॅरी क्रॅको आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या स्त्रियांबरोबर ती वापरून पाहिली आणि निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये आघाताशी जोडलेल्या दुःस्वप्नांसाठी ठामपणे शिफारस केली ती हिचीच.

करायचं असं. भीती सोळा आण्यांत मोजायला शिकवा, वयस्कर माणसांना हे माप लगेच कळतं. सोळा आण्यांचं स्वप्न पहिल्यांदा घ्यायचं नाही, सहा-आठ आण्यांचं घ्यायचं. दिवसाउजेडी, सोबत माणूस असताना ते एकदाच थोडक्यात सांगायचं. मग त्यात एक बदल करायचा. कोणता, ते त्या माणसानेच ठरवायचं, तुम्ही सुचवायचं नाही. शेवट गोड व्हायलाच हवा असं काही नाही. बदल वाईट क्षणाच्या आधीच केलेला चांगला. समजा स्वप्नात माणूस घरात आहे, गडगडाट ऐकू येतो आणि भिंत आत येते. बदललेल्या स्वप्नात गडगडाट ऐकू येतो आणि तो बाहेर बघतो तर वाळूचा ट्रक रिकामा होतोय. किंवा तो आधीच शाळेच्या ओट्यावर बसलेला आहे आणि हातात चहाचा पेला आहे. पेल्याचा चटका, ओट्याचा गारवा, पायाखालची खडी हे सगळं भरायचं, कारण नुसत्या शब्दांनी मेंदूला पटत नाही.

मग फक्त हे नवीन स्वप्न रोज दहा ते पंधरा मिनिटं डोळ्यांपुढे आणायचं. संध्याकाळी, पण अंथरुणात नाही. आठवड्याला एक, फार तर दोन स्वप्नांवर काम. फरक दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि लोक पाचव्या दिवशीच सोडून देतात.

चुकतं कुठे? सराव करताना माणूस हळूच जुन्या स्वप्नात घसरतो आणि रोज पंधरा मिनिटं त्याचीच उजळणी होते. म्हणून पहिला आठवडा आशाताईने समोर बसावं आणि नवीन स्वप्न मोठ्याने म्हणायला लावावं. दुसरी चूक जास्त जिव्हारी लागते: गेलेलं माणूस स्वप्नात वाचवायचं असा बदल. सरावात ते जिवंत होतं आणि डोळे उघडले की पुन्हा जातं. ज्या स्वप्नात प्रत्यक्ष गेलेली माणसं आहेत ती सुरुवातीला घेऊ नका, ती तज्ज्ञाकडेच. आणि गेलेली आई नुसती येऊन उंबऱ्यात बसते, बोलते, निघून जाते, आणि उठल्यावर रडू येतं पण बरं वाटतं, अशा स्वप्नाला हात लावायचा नाही. तो आजार नाही.

हा झाला स्वप्नांचा उपाय. मुळातल्या आघातासाठी आघातकेंद्री मानसोपचार लागतो, आठवड्याला एक बैठक, साधारण आठ ते पंधरा बैठका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातकेंद्री वर्तन-बोधन उपचार आणि डोळ्यांच्या हालचालींचा ईएमडीआर, दोन्ही आहेत.

मोकळं_मन

एवढं कशाला? सगळ्या वाडीला एकत्र बसवा, एकदा घडलं ते सगळं सांगू द्या, पोटभर रडू द्या. साठून राहिलंय म्हणून स्वप्नात येतं. बोललं की हलकं होतं, हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

स्वप्नवही

मोकळं मन, तळमळ पोचली, पण हे करू नका. एकदाच बसवून सगळ्यांकडून सविस्तर वदवून घेण्याचा प्रकार जगभर मोठ्या प्रमाणात वापरला गेला. त्याने पुढचा आजार टळत नाही, काहींचा वाढतो, असं दिसल्यावर तो शिफारशींतून गेला. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१८ च्या सूचनांत तर देऊ नये असंच म्हटलंय. कारण सरळ आहे. प्रत्येकाची त्या रात्रीची गोष्ट वेगळी. ज्याने फक्त आवाज ऐकला त्याला, ज्याने हाताने माती उपसली त्याचं वर्णन ऐकवायचं, आणि मग सगळ्यांना तसंच उघडं सोडून घरी पाठवायचं. मानसोपचारातही आठवण सांगतात, पण एका माणसाबरोबर, पुन्हा पुन्हा, ठरल्या वेळेत आणि भीती उतरल्यावरच बैठक संपवून. ज्याला आपणहून बोलायचंय त्याचं जरूर ऐका, मध्येच न थांबवता. पण वदवून घेऊ नका.

गटप्रवर्तक_रायगड

खूप उपयोगी. दोन अडचणी. एक, आमच्यातल्या अर्ध्या बायकांना लिहिता येत नाही, स्वप्न लिहिणं वगैरे जमणार नाही. दुसरी, झोपेची गोळी घेणाऱ्यांना "बंद करा" म्हणून सांगू का? एक काकू तीन महिने रोज घेतात, एक दिवस चुकली तर हात थरथरतात म्हणतात.

दवाखिडकी

आधी काकूंचं. त्यांना अचानक बंद करायला अजिबात सांगू नका! हात थरथरतात म्हणजे शरीराला सवय लागली आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटातली गोळी रोज काही आठवडे घेतली की ती एकदम तोडल्यावर झोप जाते, घाबरं वाढतं, आणि डोस मोठा असेल तर झटकेही येऊ शकतात. डॉक्टर ती उतरवतात, साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्के. पुढच्या भेटीत पाकीट बघा, गोळीचं नाव, मिलिग्रॅम आणि किती दिवस हे लिहून घ्या आणि त्या कागदासह पाठवा. मुळात ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीतच. अल्प्राझोलाम तर शेड्यूल एच-वन या जास्त कडक यादीत येते आणि दुकानदाराला वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते.

आणि ती गोळी या आजारावरचं, म्हणजे आघातानंतरच्या ताणविकारावरचं (पीटीएसडी), औषध नाहीच. झोप लागते, पण धसका तसाच राहतो. मोठ्या आपत्तीनंतर पहिल्या महिन्यात ताणाच्या लक्षणांसाठी ती देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय. तरी शिबिरांत सर्रास वाटली जाते, हे बंद व्हायला हवं.

या आजारासाठी डॉक्टर साधारण सर्ट्रालीन किंवा पॅरॉक्सेटीन सुरू करतात. सर्ट्रालीन बहुधा २५ किंवा ५० मिलिग्रॅमपासून. तीन गोष्टी घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दहाव्या दिवशी गोळी बंद होते. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि थोडी अस्वस्थता येऊ शकते. आणि काहींना सुरुवातीला स्वप्नं आणखी ठळक पडतात. झोप बिघडत असेल तर गोळी रात्रीऐवजी सकाळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं.

प्राझोसिन नावाचं रक्तदाबाचं जुनं औषध खास दुःस्वप्नांसाठी देतात. त्याबद्दल नेटवर फार भारावून लिहिलेलं असतं. २०१८ मध्ये ३०४ माजी सैनिकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत ते आणि नुसती साखरगोळी यांत फरक दिसला नाही. तरी काहींना गुण येतो, म्हणून डॉक्टर देऊन पाहतात. सुरुवात १ मिलिग्रॅम, झोपताना. पहिल्या डोसनंतर उभं राहताच रक्तदाब उतरून माणूस कोसळू शकतो. म्हणून गोळी घेऊन थेट आडवं व्हायचं, आणि रात्री उठताना दोन मिनिटं काठावर बसून मग उभं राहायचं. चार-पाच दिवस खंड पडला तर पूर्वीच्याच मोठ्या डोसने सुरू करू नका, परत १ पासून चढवावं लागतं. हे खेड्यात फार चुकतं, कारण गोळ्या संपतात आणि पुढची फेरी सोमवारची असते.

आधीच चालू असलेली औषधंही तपासा. रक्तदाबासाठीची प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल आणि दम्या-सर्दीतली माँटेलुकास्ट या गोळ्यांनी काहींना वाईट स्वप्नं पडतात. बंद करायची नाहीत, डॉक्टरांच्या कानावर घालायची.

दारूचं: प्यायल्यावर पहिली अर्धी रात्र स्वप्नांची झोप दबते, आणि पहाटे ती दुप्पट जोराने येते. तीनला उठतात त्याचं हेही एक कारण. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात सोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, म्हणून सोडायची तीही डॉक्टरांच्या नजरेखाली. दुपारी तीननंतरचा चहा आणि झोपण्यापूर्वीची मिश्री, दोन्ही थांबवून बघा. मिश्री म्हणजे तंबाखूच, आणि निकोटिन जागं ठेवतं. बायकांना हे कोणी विचारतच नाही.

शेवटचं, नवरा मोठ्याने घोरतो का आणि मध्येच श्वास अडकून गुदमरून उठतो का, हे बायकोला विचारा. झोपेत श्वास अडकण्याचा आजार या रुग्णांत बराच आढळतो, आणि त्यावर इलाज झाला की स्वप्नंही कमी होतात.

पर्जन्यमापक

आपत्ती व्यवस्थापनाच्या बाजूने बोलतो. वरचं सगळं वाचताना एक प्रश्न राहतो: ती भीती खोटी आहे का? माळीण ३० जुलै २०१४, तळीये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. तिन्ही जुलैतल्या. सह्याद्रीच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसाला जुलैत डोंगराकडे बघू नको म्हणणं हा उपचार नव्हे. भीतीचे दोन वाटे करावे लागतात. एक खऱ्या धोक्याचा, तो मोजमापाला आणि पहाऱ्याला द्यायचा. उरलेला धसका, तो वरच्या उपचारांना. पहिला वाटा कोणीच उचलला नाही तर तो माणूस एकटा उचलतो, रात्रभर, बॅटरी घेऊन.

मोजमाप असं करा. सरळ भिंतीचा, तळाला आणि तोंडाला सारखाच रुंद असलेला स्टीलचा डबा घ्या. बादली नको, ती वर पसरट असते आणि आकडा फुगतो. उघड्यावर, झाड किंवा पागोळीपासून लांब, फूटभर उंच दगडावर ठेवा म्हणजे जमिनीवरचे शिंतोडे पडणार नाहीत. शाळेची प्लॅस्टिकची पट्टी आत उभी करून पाणी मिलिमीटरमध्ये मोजा. पट्टीच्या शून्याआधी कोरी जागा असते ती धरायला विसरू नका, तिथे चार-पाच मिलिमीटर हरवतात. रोज सकाळी साडेआठला मोजून डबा रिकामा करा, कारण हवामान खातंही त्याच वेळेला दिवस धरतं. त्यांच्या हिशोबात २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, तिथून २०४.४ पर्यंत अतिमुसळधार. अमुक आकड्याला दरड येतेच असं नसतं. आधीचे आठ दिवस डोंगर किती पाणी प्यायलाय त्यावर बरंच अवलंबून. तरी वाडीने तहसील कार्यालयाशी बोलून एक आकडा ठरवावा, आणि तो ओलांडला की चर्चा न करता शाळेत जायचं.

पहारा दोघादोघांचा, तीन-तीन तासांचा. बघायचं काय तेही ठरलेलं: जमिनीला नवी भेग, कललेला खांब किंवा झाड, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा आटणं, दार चौकटीत अडकू लागणं. इशारा थाळीचा, कारण मोबाइलला रेंज नसते. ज्यांना रात्रीची स्वप्नं पडतात त्यांना पहाऱ्यावर लावू नका, जागरणाने त्यांचं आणखी बिघडतं. पण रात्री नऊला पहारेकऱ्यांबरोबर एक फेरी त्यांना मारू द्या. डब्यातला आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, भेगा बघायच्या, आणि बॅटरी पहारेकऱ्याच्या हातात द्यायची. हातात देणं महत्त्वाचं आहे.

पत्र्याच्या आवाजावरही साधा उपाय आहे. पत्र्यावर गोणपाट आणि त्यावर ताडपत्री बांधली की सरीचा ताशा बराच मऊ होतो. ताडपत्रीचे कोपरे नीट ताणून बांधा, नाहीतर रात्री ती फडफडते आणि तो नवाच धसका.

स्वप्नवही

आवाजावरून आठवलं. पावसाच्या आवाजाची सवय एप्रिल-मेमध्येच करून घ्यायची, जूनमध्ये उशीर झालेला असतो. मोबाइलवर साध्या पावसाचा आवाज, अगदी लहान, दिवसा, सोबत कोणीतरी. भीती दहा आण्यांवर गेली की बंद करायचं नाही. तशीच बसून ती पाचावर येईपर्यंत थांबायचं, वीस ते चाळीस मिनिटं लागतात. भीती शिखरावर असताना बंद केलं तर मेंदू एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी आवाज थोडा मोठा. हे समुपदेशकाच्या सल्ल्याने करा. दरडीचे व्हिडिओ किंवा बातम्यांतली दृश्यं यासाठी कधीही नकोत, घरात टीव्हीवर लागली तरी बंद करा.

लिहिता न येण्याची अडचण नाहीच. नवीन स्वप्न तोंडी सांगायचं, चित्र काढायचं, अंगणात खडे मांडून दाखवायचं. ज्या बायकांना ओव्या येतात त्यांनी ते ओवीत बसवलं तर पाठही होईल. मुलांना तर चित्रच द्या. स्वप्नातलं चित्र काढायचं आणि मग त्यावर हवं ते आणखी काढायचं, मोठी भिंत, हत्ती, हेलिकॉप्टर, काहीही. मोठं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, किंवा खेळात सारखं घर गाडत असेल, तर रागवू नका. महिन्याहून जास्त चाललं तर दाखवा.

कोणाला पाठवायचं यासाठी गेल्या महिन्याबद्दल पाच प्रश्न, उत्तर हो किंवा नाही: त्या घटनेची स्वप्नं किंवा नको असताना आठवणी येतात का? ती आठवण, जागा, माणसं टाळावी लागतात का? सतत सावध, दचकलेलं असतं का? माणसांपासून, कामापासून तुटल्यासारखं, बधिर वाटतं का? घडलं त्याबद्दल स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देणं थांबत नाही का? तीन किंवा जास्त "हो" आले की पाठवायचं. घटनेला महिना झाला नसेल तर घाई नको. त्या काळात हे सगळं बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं.

रातपाळी

त्या पाचांना सहावा जोडा, आणि तो आडून विचारू नका. "तेव्हाच गेलो असतो तर बरं झालं असतं" असं कोणी म्हणालं की सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. उत्तर हो आलं तर त्या रात्री एकटं सोडायचं नाही, तणनाशक आणि फवारणीच्या बाटल्या त्याच दिवशी घराबाहेर कुलपात, आणि १०८ किंवा टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. टेलिमानस ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. रात्री तीनला साध्या घाबरण्यासाठीही फोन करता येतो, जीवावर बेतलेलंच असावं लागत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या वारी कुठे बसतं, ते जिल्हा रुग्णालयातून विचारून आशाताईच्या डायरीत लिहून ठेवा. तिथे उपचार मोफत आहेत.

भगताकडे जाणाऱ्यांशी भांडू नका. अंगारा लावून वर गोळी घेतली तरी चालतं. मिरच्यांची धुरी, मारझोड, उपास घालून डांबणं असलं काही दिसलं तर मात्र २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलिसांना सांगा.

गटप्रवर्तक_रायगड

सगळं उतरवून घेतलं. डबा आणि पट्टी उद्याच. पाच अधिक एक प्रश्नांचा कागद आशाताईंच्या शनिवारच्या बैठकीत वाटते. काकूंच्या गोळीचं पाकीट बघून डॉक्टरांकडे कागदासह पाठवते. एकच राहिलं: फरक पडतोय हे कळणार कसं? विचारलं की सगळे "आहे तसंच आहे" म्हणतात.

स्वप्नवही

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी ठिपका. झोप अखंड लागली तर कोरं, स्वप्न पडलं पण परत झोप लागली तर अर्धा, उरलेली रात्र गेली तर पूर्ण भरलेला. ठिपका ज्याचा त्यानेच लावायचा, सुनेने किंवा आशाताईने नाही. महिन्याच्या शेवटी नुसते भरलेले ठिपके मोजा, आणि त्यातले किती रात्रीच्या पावसाचे हे डब्याच्या वहीशी ताडून बघा. आधी स्वप्नं पूर्ण जात नाहीत, भरलेल्याचे अर्धे होतात. तो फरक माणसाला स्वतःला जाणवत नाही, कॅलेंडर त्याच्यासमोर धरून दाखवावं लागतं.